जशी आग, तसं रसायन

सांगलीला लागूनच, कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात तिथे हरिपूर आहे. हळदीच्या व्यापारात हे गाव पेवांसाठी ओळखलं जातं. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं आणि खोली दोन-तीन पुरुष. हळद आत भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं आणि भाव येईपर्यंत माल निर्धास्त ठेवायचा, अशी इथली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. २००५ च्या महापुरात अनेक पेवांचं नुकसान झालं आणि गोदामं व शीतगृहं वाढली, तशी पेवं मागे पडली.

पेव उघडलं की जाणता हमाल लगेच आत उतरत नाही. तोंड काही वेळ उघडं ठेवून आत वारा खेळू देतात, मग दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडतात. कंदील जळत राहिला तर उतरायचं, विझला तर थांबायचं. बंद पेवात हळदीच्या आणि तिच्यातल्या सूक्ष्मजीवांच्या श्वसनानं ऑक्सिजन कमी होत जातो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड, त्यामुळे तो तळाशीच बसून राहतो. हवेत एरवी २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो १६ टक्क्यांच्या आसपास आला की कंदिलाची ज्योत मान टाकते. तशा हवेत खोल उतरलेला माणूस गुदमरून दगावू शकतो.

भिंतीवर टांगलेल्या लाल सिलिंडरचं सारं शास्त्र या कंदिलात आहे. ज्योत टिकायला काही गोष्टी लागतात. त्यातली एक जरी काढून घेतली, तरी ती विझते. कुठली काढून घ्यायची, हे मात्र काय पेटलंय त्यावर ठरतं.

आगीचे चार आधार

आगीला जळण, ऑक्सिजन आणि उष्णता लागते, हे आपण शाळेत शिकतो. चौथी गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ती म्हणजे साखळी अभिक्रिया. ज्योतीच्या आत जळणाचे रेणू तुटून हायड्रोजन, ऑक्सिजन आणि हायड्रॉक्सिल यांचे सुटे, अतिशय चपळ तुकडे तयार होतात. रसायनशास्त्रात त्यांना मुक्त मूलक म्हणतात. एक मूलक दुसऱ्या रेणूवर आदळतो, तो रेणू मोडतो, त्यातून आणखी मूलक निघतात आणि आग स्वतःच स्वतःला पुढे नेते.

म्हणून आग विझवण्याचे मार्गही चारच. जळण दूर करा, हवा तोडा, थंड करा किंवा साखळी मोडा. जगातलं प्रत्येक अग्निशामक यातलं एक किंवा त्याहून जास्त कामं करतं.

जळण दूर करण्याचा मार्ग सिलिंडरात भरता येत नाही, पण सातारा-सांगलीत तो सगळ्यांनी पाहिलेला आहे. उसाच्या फडात विजेच्या तारांची ठिणगी पडली आणि वाळलेल्या पाचटानं पेट घेतला, की गावकरी पुढचा ऊस तोडून मधे मोकळा पट्टा काढतात. कास पठाराच्या परिसरात आणि कोयना-चांदोलीच्या जंगलांत उन्हाळ्याआधी वनखातं जाळरेषा काढतं, तेही याचसाठी. पुढे गवतच नसेल तर वणवा पुढे जाणार कसा?

पाणी: सगळ्यात जुनं, पण सगळीकडे न चालणारं

पाण्याची ताकद त्याच्या ओलेपणात नाही, वाफेत आहे. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता त्याच पाण्याची वाफ होताना शोषली जाते. शिवाय एका लिटरची सुमारे १७०० लिटर वाफ होते आणि ती आगीभोवतीची हवा बाजूला सारते. लाकूड, कापड, कागद, पाचट, गोणपाट या घन पदार्थांच्या आगीला ‘ए’ वर्ग म्हणतात. तिथे पाण्यासारखं दुसरं औषध नाही.

तरी साखर कारखान्याच्या आवारातला बगॅसचा ढीग पाण्यालाही दाद देत नाही. गाळपानंतरच्या या चोथ्यात जवळजवळ निम्मा ओलावा आणि थोडी साखर उरलेली असते. सूक्ष्मजीव त्या साखरेवर वाढतात, ढिगाच्या पोटात उष्णता साठते आणि वरून काहीच दिसत नसताना आत धुमसणं सुरू होऊ शकतं. वरून पाणी मारलं तर ते वरच्या थरावरून ओघळून जातं. अशा वेळी ढीग फोडून, पसरून पाणी मारावं लागतं. पाण्यात पृष्ठताण कमी करणारं द्रव्य मिसळलं तर ते तंतूंच्या आत शिरतं. पृष्ठताण कमी करणं हे साबणाचंही काम आहे.

पाण्याचा जोर वाढवण्यासाठी एके काळी सोडा-ॲसिड सिलिंडर वापरत. जुन्या विज्ञानाच्या पुस्तकांत त्याची आकृती असे. फ्रान्सवा कार्लिए या फ्रेंच माणसानं १८६६ मध्ये अशा यंत्राचं पेटंट घेतलं. पुढे जे रूढ झालं त्यात खाण्याच्या सोड्याचं द्रावण आणि वर सल्फ्युरिक आम्लाची काचेची कुपी असे. दांडा आपटला की कुपी फुटे, आम्ल आणि सोडा एकत्र येऊन कार्बन डायऑक्साइड तयार होई. या सिलिंडरातला वायूच आग विझवतो, असा अनेकांचा समज होता. खरं तर वायूचं काम फक्त पाणी बाहेर ढकलण्याचं होतं, आग विझे ती पाण्यानंच. आम्ल, गंज आणि एकदा सुरू झालं की थांबवता न येणारा फवारा यांमुळे हे सिलिंडर मागे पडले. त्यांच्या जागी नुसता दाब भरलेले पाण्याचे सिलिंडर आले.

तेलाची कढई आणि बेदाण्याचा क्षार

पेटलेल्या तेलावर पाणी कधीही टाकू नये. तेल पेटतं तेव्हा त्याचं तापमान साडेतीनशे अंशांच्या आसपास असतं. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी जातं, तिथे क्षणात त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटतं तेल छतापर्यंत उडवते. भडंगाच्या भट्टीपासून यात्रेतल्या भज्यांच्या गाड्यापर्यंत हा धोका सारखाच आहे. आग लहान असेल तर शेगडी बंद करून कढईवर घट्ट झाकण सरकवावं आणि कढई थंड होईपर्यंत ते उचलू नये. लवकर उचललं तर हवा मिळून तेल पुन्हा पेटतं.

मोठ्या स्वयंपाकघरांसाठी ‘वेट केमिकल’ नावाचं अग्निशामक असतं. त्यात पोटॅशियमच्या क्षारांचं द्रावण असतं: पोटॅशियम ॲसिटेट, सायट्रेट किंवा कार्बोनेट. गरम तेलावर ते बारीक तुषारांनी पडलं की साबण बनवतानाची अभिक्रिया घडते. तेलातली मेदाम्लं आणि क्षार मिळून साबण होतो, त्याचा फेसाळ थर तेलावर पसरतो, खालची वाफ वर येत नाही आणि पाण्यामुळे तेल थंड होत जातं. जळणाचंच रूपांतर आग विझवणाऱ्या थरात होतं. या आगीला ‘एफ’ वर्ग म्हणतात, अमेरिकेत तिलाच ‘के’ हे अक्षर आहे.

यातलं पोटॅशियम कार्बोनेट तासगावच्या बागायतदाराला नवं नाही. बेदाणा करताना द्राक्षं ज्या द्रावणात बुडवतात, त्यात एका लिटरला साधारण २५ ग्रॅम हाच क्षार आणि सोबत डिपिंग ऑइल असतं. ते द्राक्षाच्या सालीवरचा मेणाचा थर सैल करतं आणि पाणी लवकर उडतं. हाच क्षार आगीच्या इतिहासात फार आधी आला. इंग्लंडमधल्या कॅप्टन जॉर्ज मॅन्बी यांनी १८१८ च्या सुमारास तांब्याचं एक भांडं तयार केलं. त्यात तीन गॅलन पोटॅशियम कार्बोनेटचं द्रावण आणि दाबलेली हवा होती. पाठीवर किंवा हातात नेता येईल अशा आधुनिक अग्निशामकाची सुरुवात तिथून धरतात.

डिस्टिलरी आणि फेस

सातारा-सांगलीच्या अनेक साखर कारखान्यांना जोडून डिस्टिलरी आहेत. मळीतल्या किंवा उसाच्या रसातल्या साखरेचं यीस्ट इथेनॉल करतं. शुद्ध इथेनॉलच्या पृष्ठभागावर तेरा-चौदा अंशांनाच पेटू शकेल इतकी वाफ जमते. आपल्याकडे हिवाळ्यातल्या दुपारीसुद्धा त्याहून जास्त तापमान असतं. त्याची निळसर ज्योत भर उन्हात दिसतही नाही. उष्णता अंगाला लागते तेव्हाच ती कळते.

पेट्रोल, डिझेल, रंग, थिनर, अल्कोहोल अशा द्रवांची आग ‘बी’ वर्गात येते. तिच्यावर फेस चालतो. अलेक्झांडर लोरान या रशियन शिक्षकानं बाकूच्या तेलविहिरींच्या आगी पाहिल्या आणि १९०४ मध्ये फेसाचा उपाय मांडला. जुन्या रासायनिक फेसात ॲल्युमिनियम सल्फेट आणि खाण्याचा सोडा यांची दोन द्रावणं एकत्र येत. त्यातून ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड तयार होई, आणि फेस टिकवणारं द्रव्य त्या वायूला बुडबुड्यांत अडकवून ठेवी. आताचा फेस पाण्यात फेसकारक द्रव मिसळून, त्यात हवा घालून करतात. तो द्रवाच्या पृष्ठभागावर पसरतो, वाफ वर येऊ देत नाही आणि खाली पाणी झिरपवून थंडावा देतो.

पेट्रोलपंपावर चालणारा हा फेस डिस्टिलरीत मात्र निकामी ठरतो. पेट्रोल पाण्यात मिसळत नाही, अल्कोहोल पूर्ण मिसळतं. बुडबुड्यांच्या भिंतीतलं पाणी अल्कोहोल ओढून घेतं आणि बघता बघता फेस विरून जातो. त्यामुळे तिथे अल्कोहोल-रोधक फेस लागतो. त्यात झँथन गमसारखी लांब साखळीची शर्करा असते. ती अल्कोहोलला लागली की तिचा चिवट पापुद्रा बनतो आणि वरचा फेस सुरक्षित राहतो. हे झँथन गमही साखरेवर जिवाणू वाढवूनच मिळवतात. डिस्टिलरीच्या स्टोअरमध्ये नुसतं ‘फोम’ लिहिलेले कॅन असून भागत नाही, तो कोणता फोम आहे हे तिथल्या माणसाला ठाऊक असायला हवं.

पावडर: आगीची साखळी मोडणारी

दुकानात, शाळेत, बसमध्ये सर्वाधिक दिसतो तो ‘ए.बी.सी.’ पावडरचा सिलिंडर. त्यावर ‘एम.ए.पी. ५०’ किंवा ‘एम.ए.पी. ९०’ असं छापलेलं असतं. एम.ए.पी. म्हणजे मोनो अमोनियम फॉस्फेट. पुढचा आकडा पावडरीतलं त्याचं शेकडा प्रमाण सांगतो. ठिबकवर द्राक्ष किंवा ऊस करणारा शेतकरी हे रसायन १२:६१:०० या नावानं ओळखतो. बारा टक्के नत्र, एकसष्ट टक्के स्फुरद. सिलिंडरात तेच असतं, पण अतिशय बारीक दळलेलं आणि ओल धरू नये म्हणून सिलिकॉनचा लेप दिलेलं. खताची पिशवी आगीवर रिकामी करून तो परिणाम मिळत नाही, कारण सारं काम कणांच्या बारीकपणावर चालतं.

ज्योतीत शिरल्यावर ही पावडर दोन कामं करते. एकीकडे तिचे कण तापतात, विघटित होतात, उष्णता शोषतात आणि मुक्त मूलकांना पकडून साखळी तोडतात. आग एकदम बसते ती यामुळे. दुसरीकडे सुमारे १९० अंशांना ती वितळते आणि पुढे तापून जळत्या लाकडावर किंवा कापडावर काचेसारखा फॉस्फेटचा थर धरते. हा थर निखाऱ्याला हवा मिळू देत नाही. म्हणूनच घन, द्रव आणि वायू या तिन्ही आगींवर ती चालते.

साध्या ‘बी.सी.’ पावडरीत खाण्याचा सोडा किंवा पोटॅशियम बायकार्बोनेट असतं. द्रव आणि वायूच्या आगीवर पोटॅशियमची पावडर सोड्याच्या जवळजवळ दुप्पट प्रभावी ठरते. पण ती असा थर धरत नाही, त्यामुळे लाकडाचे निखारे पुन्हा पेटू शकतात.

पावडरीच्या मर्यादाही लक्षात ठेवाव्यात. ती थंडावा फारसा देत नाही, त्यामुळे तापलेलं तेल किंवा धातू पुन्हा पेट घेऊ शकतो. तिचा धुरळा नाकातोंडात जातो आणि संगणकाच्या पट्ट्या गंजवतो. इलेक्ट्रिक स्कूटरच्या लिथियम बॅटरीत तर ती वरची ज्योतच घालवते. आतले सेल एकमेकांना तापवत राहतात आणि काही बॅटऱ्यांत ऑक्सिजनही आतूनच सुटतो. तिथे लागतं ते भरपूर पाणी आणि सुरक्षित अंतर.

कार्बन डायऑक्साइड: बर्फाचा श्वास, पेवाचा धोका

विजेचे पॅनेल आणि नाजूक यंत्रं यांच्यासाठी कार्बन डायऑक्साइड चांगला. तो वीज वाहून नेत नाही आणि मागे कचरा ठेवत नाही. १९२४ मध्ये अमेरिकेत वॉल्टर किडी कंपनीनं टेलिफोन एक्स्चेंजसाठी त्याचा हातातला सिलिंडर तयार केला. डिस्टिलरीत यीस्ट साखरेतून जेवढं अल्कोहोल करतं, वजनानं जवळजवळ तेवढाच कार्बन डायऑक्साइड सोडतं. तो गोळा करून सिलिंडरात भरताही येतो.

हा वायू ३१ अंशांच्या खाली दाबला तरच द्रव होतो. वीस अंशांना सिलिंडरात सुमारे ५७ बार दाब असतो. सांगलीचा पारा एप्रिल-मे महिन्यांत चाळिशी ओलांडतो, तेव्हा आत द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही आणि पूर्ण भरलेल्या सिलिंडरमधला दाब शंभर बारच्या घरात जातो. त्यामुळे तो उन्हात ठेवू नये. त्याला दाबाचा काटा नसतो, म्हणून त्याची तपासणी वजन करूनच होते. वायूचं वजन दहा टक्के घटलं की सिलिंडर भरून घ्यायचा. सोडताना वायू झटकन पसरतो, त्याचा उणे ७८ अंशांचा बर्फ होतो. सिलिंडरच्या कर्ण्याला उघड्या हातानं धरलं तर कातडी भाजल्यासारखी होते.

पेवातला धोकाही इथे आहेच. पेटता द्रव विझवायला हवेत हा वायू ३४ टक्क्यांच्या आसपास लागतो, आणि दहा टक्क्यांनाच माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. लहान बंद खोलीत तो सोडला की लगेच बाहेर यावं, दार उघडं ठेवावं.

आणखी एका ठिकाणी तो घातक ठरतो. सांगली-कुपवाड, पलूस या पट्ट्यातल्या फाउंड्रींत एस.जी. आयर्न या ओतीव लोखंडासाठी मॅग्नेशियमयुक्त मिश्रधातू वापरतात. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली तेव्हापासून ओतकाम इथल्या कामगाराच्या हातात आहे. मॅग्नेशियमचा भुसा पेटला तर तो पाण्यातून हायड्रोजन सोडवतो आणि कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन ओढून घेऊन जळतच राहतो, मागे काळा कार्बन ठेवून. धातूच्या या आगीला, म्हणजे ‘डी’ वर्गाला, मीठ किंवा ग्रॅफाइटची खास पावडर लागते. ती नसेल तर अगदी कोरडी वाळू हळूच पसरावी.

बँका आणि सर्व्हर-रूममध्ये पूर्वी हॅलॉन हा आग विझवणारा वायू असे. त्यातला ब्रोमिन मूलकांची साखळी अतिशय सफाईनं तोडतो. पण हाच ब्रोमिन ओझोनचा थरही तोडतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानं हॅलॉनचं उत्पादन टप्प्याटप्प्यानं बंद केलं. विकसनशील देशांसाठी अखेरची मुदत २०१० होती. त्याची जागा आता ‘क्लीन एजंट’ वायूंनी घेतली आहे.

गॅसची आग: आधी झडप, मग ज्योत

२५ जानेवारी २००५ रोजी वाई तालुक्यात मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली. दुकानांना आगी लागल्या, गॅसच्या टाक्या फुटल्या. जवळपास तीनशे भाविक गेले. गर्दी, अरुंद वाट आणि टाक्या एकत्र आल्या की काय होतं, हे त्या दिवशी सातारा जिल्ह्यानं सोसलं.

टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन द्रवरूपात असतात. बाहेरून ज्वाळा लागल्या की द्रव उकळतो, दाब वाढतो, पत्रा मऊ पडतो आणि टाकी फुटते. सुटलेला द्रव अडीचशेपट पसरून एकदम पेटतो. म्हणून गॅसच्या ‘सी’ वर्गाच्या आगीत पहिलं काम झडप बंद करणं. गळती चालू ठेवून नुसती ज्योत विझवली तर हवेहून जड असलेला गॅस जमिनीलगत साठतो आणि पुढच्या ठिणगीला स्फोट होतो. झडपेपर्यंत हात पोचत नसेल तर लांबून पाण्यानं टाकी थंड ठेवायची आणि माणसं हलवायची. यात्रेत, लग्नात, हातगाड्यांच्या रांगेत टाक्या एकमेकींपासून दूर आणि वाटेपासून बाजूला ठेवणं हे कुठल्याही सिलिंडरपेक्षा जास्त जीव वाचवतं.

भिंतीवरचा सिलिंडर चालेल का?

‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ नुसार, हा कायदा लागू असलेल्या इमारतींच्या मालकांनी किंवा भोगवटादारांनी जानेवारी आणि जुलैत, असं वर्षातून दोनदा, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. प्रमाणपत्रापलीकडेही आपण स्वतः चार गोष्टी पाहू शकतो. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, सील शाबूत आहे का, नळी चिरलेली नाही ना आणि पावडर दगडासारखी बसलेली नाही ना. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसाळी हवेत शेवटची गोष्ट विशेष पाहावी.

वापरतानाही क्रम ठरलेला आहे. पाठीमागे बाहेर पडायची वाट ठेवा. पिन काढा, नोझल ज्वाळेच्या शेंड्यावर नाही तर मुळाशी धरा, लिव्हर दाबा आणि फवारा आडवा फिरवत पुढे सरका. सहा किलोचा पावडर सिलिंडर साधारण १५ ते २० सेकंदांत संपतो. तेवढ्यात आग आटोक्यात आली नाही तर ती तुमच्या हातची नाही. सिलिंडर तिथेच सोडून बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

तुमच्या दुकानात, शेडमध्ये, कारखान्यात जो सिलिंडर टांगला आहे, त्याच्यावरची अक्षरं आजच वाचा आणि तिथे पेटू शकेल असं काय आहे, याच्याशी ताडून पाहा. जुळत नसेल तर उद्यावर न टाकता बदलून घ्या.